उंबऱ्याआतली खडाव

आमच्या घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. चपला-बूट तर कुणाच्याच घरात आत जात नाहीत, त्याचं मी सांगत नाही. आमच्याकडे वडिलांचा कमरपट्टा ओसरीवरच्या खुंटीला लटकलेला असे. घड्याळाचा पट्टाही चामड्याचा, म्हणून घड्याळ तिथेच. किती वाजले ते बघायला वडील पानावरून उठून ओसरीवर जायचे. एकदा शेजारची मंडळी भजनाला आली, तेव्हा टाळ आत आणि ढोलक बाहेर अशी वाटणी झाली. ढोलकवाला ओसरीवर एकटा बसून भिंतीपलीकडच्या भजनाला ठेका देत होता. बालाघाटच्या आमच्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत आईच्या या सोवळ्याची मनसोक्त टिंगल चाले. "वहिनी, आमच्या अंगावरचं कातडं कुठं टांगू? खुंटी दाखवा," असं समोरच्या घरातले काका म्हणाले होते. सगळे हसले. आई हसली नाही.

कारण ते सोवळं नव्हतं, नवस होता. आणि तो माझ्यासाठी होता.

मी तीन वर्षांची होऊन गेले होते तेव्हा मला ताप आला. ताप उतरला त्या सकाळी मी खाटेवरून खाली पाय टाकला आणि पडले. डावा पाय माझं ऐकेना. लोक त्याला लकवा म्हणत. पोलिओ हा शब्द आमच्या ओळीत पुढे आला. त्याच साथीत मागच्या ओळीतला एक मुलगा गेला. त्याची आई रडत असताना माझी आई मला कडेवर घेऊन रामपायलीला, तिच्या माहेरी गेली आणि तिथल्या रामासमोर म्हणाली की पोरगी जगू दे, माझ्या उंबऱ्याच्या आत कधी चामडं येणार नाही. चामडंच का? तर तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, जन्मभर चामड्याला शिवले नव्हते. शेताच्या बांधावर अनवाणी आणि घरादेवळात लाकडी खडावा. आईला ठाऊक असलेलं सगळ्यात पवित्र वागणं तेच होतं आणि तिच्याकडे सोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मी जगले. देव तारी त्याला कोण मारी, असं आई येता-जाता म्हणायची. त्यात रामाचा वाटा किती आणि दवाखान्यातल्या सुयांचा किती, यावर मी मोठेपणी तिच्याशी पुष्कळ भांडले. तिने एकदाही हार मानली नाही.

पायाला लोखंड बसवलं ते मी शाळेत जाण्याजोगी झाल्यावर. राज्यं वेगळी झाली, नागपूर मराठी राज्यात गेलं आणि आम्ही हिंदी राज्यात राहिलो, तरी आमच्याकडचा आजारी माणूस नागपूरलाच जायचा. वडील मला घेऊन छोट्या गाडीने गोंदियाला आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूरला गेले. तिथल्या कारागिराने पायाचं माप घेतलं आणि पुढच्या खेपेला ती वस्तू आमच्या हातात ठेवली. तिचं नाव कॅलिपर. मांडीशी चामड्याने मढवलेलं लोखंडी कडं, त्यातून पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या दोन सळया, गुडघ्यावर चामड्याची गादी आणि खाली एक तपकिरी बूट, ज्याच्या टाचेत त्या सळयांची टोकं अडकवलेली. पाय काडीसारखा आणि त्यावर हा पसारा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पण ते बांधून मला उभं केलं आणि मी उभी राहिले. तोवर माझी वडिलांच्या गुडघ्यांशीच ओळख होती. त्या दिवशी मला त्यांच्या शर्टाची बटणं समोर दिसली. वरच्या बटणाचा दोरा सुटत आला होता, तेही मी त्यांना लगेच सांगितलं.

स्टेशनवरून घरी आलो तर आई ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. मी वडिलांचं बोट धरून ओसरीच्या पायऱ्या चढले. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ओवाळलं, बोटं मोडून दृष्ट काढली आणि मग तिची नजर खाली गेली.

"हे कायचं हाय?"

"चामड्याचं," वडील म्हणाले. त्यांचा आवाज आधीच पडला होता.

आईने ताट खाली ठेवलं. "मंग काढा," ती म्हणाली.

तेव्हापासून माझं आयुष्य उलटं झालं. सगळं जग बाहेर थकतं आणि घरी येऊन आराम करतं. मी बाहेर चालायचे आणि घरी येऊन सरपटायचे. शाळेत मी चांगली बाकाएवढी उंच होते. उंबऱ्यापाशी आले की वडील पट्टे सोडायचे, कॅलिपर ओसरीच्या कोपऱ्यात घड्याळाखाली उभा राहायचा आणि मी दोन्ही तळवे जमिनीवर टेकून आत शिरायचे. मला राग फार यायचा. लोक म्हणायचे, पोरीच्या पायातला जोर गेला तो सगळा जिभेत आला. खोटं नव्हतं ते.

सगळ्यात जास्त राग यायचा पाण्याचा. घरात कोणी आलं की घरच्या मुलीने तांब्याभर पाणी नेऊन द्यायचं, ही आमच्याकडची साधी रीत. ओळीतल्या माझ्याएवढ्या सगळ्या मुली ते करत. माझे दोन्ही हात जमिनीवर, तांब्या धरणार कशाने? एकदा मी तो ढकलत ढकलत बाहेरच्या खोलीपर्यंत नेला. अर्धं पाणी वाटेत सांडलं आणि पाहुण्या बाई चटकन उठून म्हणाल्या, "राहू दे बेटा, राहू दे." त्या 'राहू दे'ने मला जे झालं ते अजून आठवतं. मी तांब्या तिथेच उपडा केला. आईने पाठीत एक धपाटा घातला आणि मग फरशी पुसता पुसता स्वतःच रडली.

येणाऱ्यांत मला खरा हवासा होता तो मामा. आईचा मोठा भाऊ, रामपायलीला शेती बघायचा. आजोबा गेल्यावर त्यांच्या खडावांचा जोड त्यानेच आईला आणून दिला होता, कारण ती त्यांची लाडकी. स्वतःसाठी त्याने वडिलांचं काही ठेवलं नाही. त्या खडावा आमच्या देव्हाऱ्यात खालच्या पायरीवर असत. काळ्याभोर शिसवीच्या, अंगठ्याच्या जागी झिजून खोल गेलेल्या. आई रोज त्यांना फूल वाहायची.

मामा आला की त्याचा क्रम ठरलेला असे. पाय धुवायचे, आधी देव्हाऱ्यापाशी जाऊन खडावांवर डोकं ठेवायचं आणि मग माझ्या पाया पडायचं. आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. भाची लहान का असेना, तिचा मान मोठा. माझ्या डाव्या पायाकडे माणसं बघायची नाहीत, बघितलं तर च् च् करायची. मामा मात्र आधी त्याच पायाला हात लावायचा, मग उजव्याला. मग पाणी मागायचा. ते आई आणायची.

कॅलिपर येऊन वर्ष उलटलं तेव्हा वडील मला पुन्हा नागपूरला दाखवायला घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला. तो पूर्ण सरळ होईना.

"दिवसभर घालते का?"

"बाहेर जाताना," वडील म्हणाले.

"आणि घरात?"

वडिलांच्या आधी मीच सांगितलं. घरात चामडं चालत नाही, मी सरपटते. डॉक्टर वडिलांकडे असे बघत राहिले की मला वडिलांची दया आली. शेवटी ते म्हणाले, "गुडघा वाकवून बसून बसून शिरा आखडायला लागल्यात. उठल्यापासून निजेपर्यंत हे पायात पाहिजे. दिवाळीनंतर आणा. तोवर आणखी आखडला तर कॅलिपर पायावर बसणार नाही. मग शाळेतही सरपटतच जाईल ही."

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. वडील आवाज चढवणारे नव्हते. घरात आईचं राज्य आहे हे त्यांनी आनंदाने मान्य केलेलं होतं. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "रोगापेक्षा तुझा इलाज भयंकर झाला! पोरगी जन्माची लंगडी होऊन राह्यली, समजते का तुले?"

आई चुलीसमोर होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "गुडघा घेऊन काय करू मी," ती म्हणाली, "पोरगीच गेली तं?"

तिला खरोखरच वाटत होतं की चामडं आत आलं त्या दिवशी मी मरेन. तिच्या दृष्टीने ती मला रोज वाचवत होती.

वडील जंगल खात्यात होते. थोड्याच दिवसांनी त्यांना दौऱ्यावर जावं लागलं. शाळेतून आल्यावर पट्टे सोडायचं काम रोज त्यांचं किंवा शेजारच्या काकूंचं. आईने त्या वस्तूला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी काकूही नव्हत्या. मी ओसरीवर बसून ओरडायला लागले. शेवटी आई बाहेर आली. तिने हाताला जुनेराची चिंधी गुंडाळली, तोंड एका बाजूला वळवलं आणि बूट धरून जोरात ओढला. बूट तिच्या हातात आला. लोखंड माझ्या पायावर तसंच राहिलं.

आई बुटाकडे बघत राहिली, मग पायाकडे. "हे निघते?"

"हौ," मी म्हटलं. "लोखंड टाचेत अडकवलं असते फक्त. बाबा रोज तसंच तं काढते."

आई पायरीवर बसली. एवढ्या दिवसांत तिने ती वस्तू पहिल्यांदाच नीट बघितली. मांडीचं कडं चिंधीनेच चाचपलं. "लोखंडाचं मी बोलली नव्हती," ती म्हणाली. माझ्याशी नाही. समोर कोणी उभं असल्यासारखं, पण मान खाली घालून. "चामड्याचं बोलली होती. लोखंडाचं नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी आईबद्दल नेहमी म्हणते. पण मला चालवलं ते त्या पिळानेच. नवसातला एक शब्दही न मोडता मला घरात आणायचं, एवढंच त्यानंतर तिच्या डोक्यात होतं. ओसरीवर बसून तिने विळ्याने कड्यावरचं चामडं सोलून काढलं, आंघोळ केली आणि वडिलांच्या जुन्या गरम कोटाचं कापड दुहेरी करून त्या कड्यावर शिवलं. गुडघ्याची गादी उशी भरतात तशी कापूस भरून केली. पट्ट्यांच्या जागी खाटेची नवार आली. राहिला बूट. तो उंबऱ्याबाहेर चालेल, पण आत सळया कशात अडकवायच्या?

लाकूड चालत होतं. लाकूड तर देवाच्या पायातही चालतं.

आईने सुताराला बोलावून पाटासारखा तळ करून घेतला. सळया अडकवायला टाचेत आडवं भोक पाडून नळी ठोकली, तर तो तडकला. दुसरा केला, तोही तडकला. सुतार म्हणाला, "बाईजी, नयी लकडी है, फटेगीच. पुरानी, मुरलेली लकडी लाव." आईने आडोशाची जुनी फळी दिली, तिला वाळवी लागलेली निघाली. दिवस जात होते. धान पोटरीत आलं होतं आणि दिवाळी जवळ येत होती. रोज सकाळी आई माझा गुडघा तेल लावून सरळ करू बघायची आणि मी किंचाळायचे.

एका सकाळी पूजा झाल्यावर ती उठलीच नाही. देव्हाऱ्यासमोर बसून राहिली. मला वाटलं जप चालला आहे. मी जवळ सरकले तर ती खालच्या पायरीवरच्या खडावांकडे बघत होती.

"बापूजी," ती म्हणाली, "नातीले पाह्यजे."

आणि तिने डाव्या पायाची खडाव उचलली.

सुताराने आधी हातच लावला नाही. खडावेला लागलेलं कुंकू त्याला दिसलं. "ये तो पूजा की है, बाईजी."

"पूजेची हाय म्हणून तं आणली," आई म्हणाली. "कर."

त्याने खडावेला नमस्कार केला आणि करवत घेतली. पुढचा भाग माझ्या पावलाएवढा कापला. अंगठ्याजवळची खुंटी काढून टाकली, कारण माझी बोटं ती धरू शकत नव्हती. टाचेत नळी ठोकली तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. शिसवी तडकली नाही. खुंटी आणि कापलेला तुकडा आईने पदरात घेतला आणि परत देव्हाऱ्यात नेऊन उरलेल्या खडावेशेजारी ठेवला.

बुटाऐवजी खडाव, पावलावरून नवारीचे दोन फेरे, वर तेच लोखंड. डावा पाय तसाही आखूड होता. खडावेच्या उंचीने दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. आईने मला उंबऱ्याबाहेर उभं केलं. मी आधी उजवा पाय आत टाकला, मग डावा. खट्ट. मग काहीच नाही, मग खट्ट. उजवं पाऊल अनवाणी, त्याचा आवाज नव्हता. मी भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि फळीवरच्या बरण्यांची झाकणं बघितली. त्या घरात जन्म काढला होता, पण झाकणं कधी बघितली नव्हती. लोणच्याच्या बरणीचं झाकण फुटकं निघालं. मी आईला ते विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मरते का, ते बघत होती हे मला तेव्हा कळलं नाही.

मी मेले नाही. आठवडा गेला, दोन गेले. आईचा चेहरा जरा सैल झाला. आणि मग नवी भीती आली, ती मामाची. बापाच्या खडावा त्याने विश्वासाने बहिणीच्या देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या आणि बहिणीने त्यावर करवत चालवली होती. वडील म्हणाले, निरोप पाठव. आईने पाठवला नाही. "त्याले काय तोंड दाखवू मी," एवढंच म्हणायची. नव्या धानाचे पोहे घेऊन तो दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला यायचा. त्या दिवसांत मोटारीचा भोंगा ऐकू आला की ती देव्हाऱ्यात जाऊन उरलेली खडाव उगाच सारखी करायची.

नागपूरच्या डॉक्टरांनी पुढे गुडघा बघितला तेव्हा तो पुष्कळ सुटला होता. शिल्लक कसर निघेल म्हणाले, आणि ती निघाली. खडाव हातात घेऊन ते उलटसुलट बघत राहिले. पण माझ्या लेखी निकाल त्याआधीच, मामा आला त्या दुपारी लागला होता.

आई चुलीपाशी होती. ओसरीवर आवाज आला, "बाई, हाय का घरी?" पोह्यांचं गाठोडं खाली टेकल्याचा आवाज आला, मग पाय धुतल्याचा. आई उठली आणि पुन्हा बसली. तिच्या हाताला कणीक होती आणि ती बोटं पुसतच राहिली. पाणी घेऊन जायचं होतं. ती जात नव्हती.

मी माठातून तांब्या भरला. उजव्या हातात तांब्या, डाव्या हाताने भिंत, आणि निघाले.

खट्ट. खट्ट.

बाहेरच्या खोलीत मामा खांद्यावरच्या दुपट्ट्याने पाय पुसत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. आवाज ऐकला आणि त्याचा हात थांबला. तो वळला नाही. माझी आणखी दोन-तीन पावलं झाली तरी तो तसाच वाकलेला. मग तो हळूच म्हणाला, "बापूजी?"

आणि वळला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली. शिसवी त्याने ओळखली. अंगठ्याची ती झिजलेली जागा अर्धी कापली गेली होती, अर्धी शिल्लक होती. मी तांब्या पुढे धरला. पाणी हिंदकळून माझ्या हातावर आलं, तरी त्याने घेतला नाही. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"कापली?" त्याने विचारलं.

"हौ," आई म्हणाली. "दादा, दुसऱ्या लाकडानं साधलं नाही. चामडं मले चालत नाही. पोरगी सरपटून राह्यली होती..."

मामा आत देव्हाऱ्यापाशी गेला. तिथे एक खडाव होती, एक खुंटी होती, कापलेला तुकडा होता आणि तिन्हींवर ताजी फुलं होती. तो किती वेळ उभा होता मला सांगता येणार नाही. माझा हात तांब्याने भरून आला होता, पण मी तो खाली ठेवला नाही. परत आला तो माझ्यासमोर बसला आणि दरवेळी आधी डाव्या पायाला हात लावायचा तसा लावला. या खेपेला मात्र त्याने डोकं खाली नेलं आणि खडावेवर टेकवलं. त्याच्या कपाळाचा भार मला सळयांतून मांडीपर्यंत जाणवला.

"बापूजीले एका जागी बसणं कधी जमलंच नाही, बाई," तो तसाच म्हणाला. "देव्हाऱ्यात कंटाळले असन."

आईने तोंडाला पदर लावला. मामा उठून भिंतीला टेकून बसला, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"अजून आण," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि भरून आणला. त्याने तोही संपवला. आई म्हणाली, "थांब दादा, मी आणतो." तर त्याने हातानेच तिला खाली बसवलं.

"तू नको. तिले आणू दे."

मी पुन्हा वळले. दारातून मागे बघितलं तर मामाने डोळे मिटले होते आणि कान माझ्या पावलांकडे लावला होता. त्याला तहान नव्हती. मी माठापाशी गेले, तांब्या काठोकाठ भरला आणि पाय जरा जोरातच आपटत परत आले.